वणवा पेटण्याआधी : वनभवनाला एक खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), वनभवन, नागपूर,
आणि विदर्भातील सर्व मा. जिल्हाधिकारी यांस,



वणव्यावरची पत्रे एप्रिल-मेमध्ये लिहिली जातात. तोवर टेकड्या काळ्या पडलेल्या असतात, वर्तमानपत्रांत धुराचे फोटो येऊन गेलेले असतात आणि वन खात्याला उत्तर द्यायला सवड नसते, कारण सगळे खाते विझवण्यात गुंतलेले असते. म्हणून हे पत्र जानेवारीतच लिहीत आहे. आपल्या हिशेबाने आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होऊन १५ जूनला संपतो. माझे सारे म्हणणे त्याआधीच्या आठवड्यांबद्दल आहे, कारण वणवा थोपवता येतो तो त्याच आठवड्यांत. नंतर फक्त त्याच्यामागे धावणे उरते.

विदर्भातल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, हे आपल्या खात्यातही सगळे जाणतात. कोणत्या नाल्याच्या काठाला, कोणत्या आठवड्यात, कशासाठी काडी लागणार, हे बीटवरच्या वनरक्षकाला तोंडपाठ असते. ज्या संकटाची वेळ, जागा आणि कारण आधीच ठाऊक आहे, त्याला दरवर्षी नैसर्गिक आपत्तीच्या रकान्यात टाकणे मला पटत नाही.

मोहाचेच घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोह पाने टाकतो आणि नेमकी त्याच पाचोळ्यावर मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुले पडू लागतात. फुले रात्री गळतात, पहाटे वेचायची असतात. फिकट पिवळे, रसाने भरलेले फूल वाळल्या पानांच्या रंगात मिसळून जाते. एखादी बाई पोरांना घेऊन उजाडण्याआधी झाडाखाली पोचते. घोट्याएवढ्या पाचोळ्यातून एकेक फूल उपसायचे म्हटले तर टोपली भरेपर्यंत ऊन डोक्यावर येते, आणि तोवर निम्मी फुले हरणांनी, अस्वलांनी खाल्लेली असतात. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. काळ्या, साफ जमिनीवर फूल लांबून दिसते. आग बुंध्याभोवतीच राहील असा अंदाज असतो आणि पुष्कळदा ती राहतेही. ज्या दिवशी राहत नाही, त्या दिवशी ती विझली की नाही हे पाहायला तिथे कोणी थांबलेले नसते. असे मोह एका गावाच्या शिवारात किती असतात याचा विचार करा.

दुसरे कारण तेंदूपत्ता. बिडीला कोवळे, लवचीक, रुंद पान लागते. तेंदूचे जुने झुडूप छाटले किंवा जाळले की मुळांतून नवे धुमारे फुटतात आणि त्यांना तसे पान येते. छाटण्याची रीत म्हणजे खुटकटाई. तिला माणसे लागतात, मजुरी लागते आणि ती वेळेवर व्हावी लागते. काडी मात्र फुकट असते. मे महिन्याच्या उन्हात पाने तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. या थोड्या दिवसांच्या कमाईवर खरिपाचे बियाणे आणि पोरांची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. ज्याच्या घरचे गणित असे आहे, त्याला ‘जंगल वाचवा’ अशी पाटी दाखवून काही होणार नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल कमी बोलले जाते. ते कारण भीती. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या गावात अशी बातमी पोचते तिथल्या माणसाला झुडपांआडचे दिसावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि झुडपे दूर करण्याचा सर्वांत सोपा उपाय तोच, काडी. या माणसाला गुन्हेगार म्हणताना माझी जीभ अडते. बाकी कारणे आहेतच : मध काढताना केलेला धूर, गुराख्याची बिडी, सहलीला गेलेल्या आम्हा शहरवाल्यांची अर्धवट विझवलेली चूल.

आता ही आग पसरते कशी ते पाहू, कारण उपाय त्यातूनच निघतात. ऑस्ट्रेलिया किंवा कॅलिफोर्नियाच्या चित्रफितींत आग शेंड्यांवरून धावताना दिसते. आपल्या पानगळीच्या जंगलात ती बहुधा जमिनीवरून चालते, गुडघ्याएवढी, कधी कमरेएवढी. म्हणूनच तिला कमी लेखले जाते. मार्च संपता संपता साग, ऐन, धावडा, तेंदू अशा सगळ्यांचा पाचोळा कुरकुरीत वाळलेला असतो. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस पाहिलेले आहे, तेव्हा या प्रदेशातल्या उन्हाबद्दल आपल्याला वेगळे सांगायला नको. अशा दुपारी वावटळ उठते, सागाचे ताटाएवढे पेटते पान उचलते आणि जाळरेषेच्या, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून साफ केलेल्या पट्ट्याच्या, पलीकडे नेऊन टाकते. जाळरेषा कितीही चोख काढली तरी त्या एका पानापुढे तिचे काही चालत नाही. चढावर ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे झुकतात, त्याला आधीच तापवून, वाळवून ठेवतात. म्हणून सपाटीवर चालणारी आग टेकडीला लागली की धावते. उतारावर जळते ओंडके घरंगळत खाली येतात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग लावतात. विझला असे वाटणारा वाळका बुंधा आतून रात्रभर धुमसत राहतो.

८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात काय घडले ते आपल्याला माहीत आहे. दिवसभर राबून माणसांनी आग आटोक्यात आणली होती. वाऱ्याने ती पुन्हा उसळली आणि डोंगराळ भागात विझवणारेच तिच्यात सापडले. तीन हंगामी वनमजूर गेले, आणखी काही भाजले. हंगामी म्हणजे आगीच्या महिन्यांपुरते कामावर घेतलेले, आसपासच्या गावांतलेच लोक. ज्या आगीपर्यंत कोणतेही गणवेशधारी दल पोचत नाही, तिच्यासमोर आपण या माणसांना उभे करतो. हातात हिरवी फांदी, फार तर पाठीवर ब्लोअर, अंगात रोजचा नायलॉन मिसळलेला शर्ट. असे कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते, हे आग विझवण्याच्या प्रशिक्षणात शिकवतात.

जंगलाचे नुकसान सांगताना आपली कागदपत्रे किती हेक्टर जळाले एवढे सांगतात. जळालेल्या भागात मोठी झाडे उभीच दिसतात, जुलैमध्ये सगळे पुन्हा हिरवे होते आणि रकान्यात ‘किरकोळ’ असे लिहिले जाते. खरी हानी पाहायला खाली वाकावे लागते. राखेत गोगलगायींचे पांढरे शंख पडलेले असतात, आत जीव नसतो. पाचोळा खाऊन त्याची माती करणारे जीव जमिनीच्या वरच्या बोटभर थरात राहतात. रातवा तर घरटेच बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो, आणि त्याचा विणीचा काळ नेमका उन्हाळ्यात येतो. तित्तर, लावे, रानकोंबड्या यांचेही संसार जमिनीवरच. घोरपड आणि खवल्या मांजर बिळात शिरून वाचले, तरी बाहेर आल्यावर खायला काही उरलेले नसते.

आणि झाडांची पोरे. सागाचे किंवा तेंदूचे गुडघ्याएवढे रोप पाहून आपल्याला वाटते की ते मागच्या पावसाळ्यात उगवले असेल. खणून पाहिले तर खाली अंगठ्याएवढे जाड मूळ निघते. वरचा कोंभ दरवर्षी जळतो, मूळ जगते, पावसाळ्यात पुन्हा कोंभ काढते. एखादे रोप दहा वर्षे असेच गुडघ्याएवढे राहू शकते. आगीपासून दोन-चार वर्षे सलग सवड मिळाली तरच ते आगीच्या पट्ट्याच्या वर डोके काढते. साग आणि तेंदू एवढे सोसतात म्हणून टिकतात. ज्यांच्या मुळांत तेवढा दम नाही ती झाडे एकेक करून गळतात आणि मोकळ्या जागेत घाणेरी घुसते. तीस वर्षांनी नकाशावर तिथे वनच दाखवलेले असेल, पण आत पाच-सहा जातींचीच झाडे उरलेली असतील. नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी जंगलांत मध्यम वयाची झाडे शोधावी लागतात. म्हातारी झाडे आहेत, जमिनीलगत रोपे आहेत, मधली पिढी नाही.

हे दूरचे प्रकरण आहे असे कुणा नागपूरकराला वाटत असेल तर त्याने आपल्या नळाचा उगम शोधावा. शहराचे बरेचसे पाणी पेंचमधून येते, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून. त्या धरणांच्या वरचे डोंगर मे महिन्यात उघडे पडले की जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसाला अडवायला पाचोळा नसतो. राख आणि तिच्याखालची सुपीक माती नाल्यातून सरळ जलाशयात जाते. तळाशी बसलेला गाळ काढणे किती खर्चाचे आणि अवघड असते, हे पाटबंधारे खात्याला विचारावे.

प्रत्येक आग वाईट, असे माझे म्हणणे नाही. जाळरेषा आपण स्वतः जाळून काढता आणि ते योग्यच आहे. काही गवताळ भागांत योग्य वेळी, लक्ष ठेवून केलेल्या जाळाचा उपयोगही होतो. देशात वणव्यापासून जंगल राखण्याचे पहिले पद्धतशीर प्रयोग १८६० च्या दशकात आपल्याच मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात झाले, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढच्या काही दशकांत ब्रिटिश वनाधिकारीच आपसांत वाद घालू लागले की आग पूर्णपणे बंद करणे सगळ्या जंगलांना मानवते का. हा वाद आजही चालू राहावा. पण एप्रिलच्या भर दुपारी, कोणाचे लक्ष नसताना, त्याच डोंगरावर वर्षामागून वर्ष लागणारी आग त्या वादात बसत नाही.

आपण तंत्रज्ञानावर भर दिला आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपते आणि सूचना वनरक्षकाच्या मोबाइलपर्यंत पोचते. पेंचमध्ये २०२४ पासून मनोऱ्यावरचा कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता धूर ओळखून काही मिनिटांत इशारा देतात. पण या सूचनेने कळते ते आग लागल्यानंतर. उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा असतो. मोहाखालची काडी त्याला दिसत नाही. दिसते तेव्हा आग शेजारच्या वनकक्षात गेलेली असते. २०२०-२१ च्या हंगामात देशभर अशा ३,४५,९८९ नोंदी झाल्या आणि जिल्ह्यांमध्ये सर्वाधिक, दहा हजारांहून अधिक, नोंदी गडचिरोलीतल्या होत्या. एका मोठ्या आगीच्या अनेक नोंदी होतात, हे धरूनही हा आकडा छातीत धस्स करणारा आहे. त्या जिल्ह्यात सूचना पोचल्या नव्हत्या असे नाही. सूचना पोचली तरी एका वनरक्षकाने आणि चार मजुरांनी एकाच दुपारी किती टेकड्या चढायच्या?

याचे उत्तर गावांकडेच आहे. पाचगावकडे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये हजारभर हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने स्वतःचे नियम केले. त्यांत त्यांनी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यापायी झाडांची छाटणी होते आणि आगी लागतात. कमाईसाठी त्यांनी बांबूवर भर दिला. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल लिहिलेले आहे, आपण ते वाचले असेलच. सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असे मी म्हणणार नाही, सगळ्यांकडे बांबू नाही. पण जंगल आपले आहे आणि त्याचा पैसा आपल्या हातात येतो, हे कळल्यावर आगीविषयीचे निर्णय कसे बदलतात, ते तिथे दिसते. नाहीतर उलट घडते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर देणे आणि विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. कलम कागदावर उत्तम आहे. पण खबर द्यायला जाणाऱ्यावरच पहिला संशय येईल, अशी धास्ती असेल तर तो तोंड फिरवून घरी जातो.

म्हणून माझे मागणे. मोहाखाली बांधायच्या जाळ्या द्या. जाळीवर पडलेल्या फुलाला माती लागत नाही, त्याला भावही बरा मिळतो, आणि पाचोळा जाळण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येक गावाला आपल्या मोहांची संख्या ठाऊक असते. ग्रामसभेकडून यादी मागवा आणि फुले गळायला लागण्यापूर्वी जाळ्या पोचवा. एप्रिलमध्ये पोचलेल्या जाळीचा काही उपयोग नाही. खुटकटाईची मजुरी फेब्रुवारीतच हातात पडू द्या. ज्या ग्रामसभेच्या हद्दीत हंगामभर आग लागली नाही, तिला त्याचा रोख मोबदला द्या आणि तो गावाच्या फलकावर जाहीर करा. विझवण्यावर जो खर्च होतो त्यातलाच वाटा आधी दिला तर पुरेल, असे मला वाटते. २०१८ च्या राष्ट्रीय वणवा कृती आराखड्यातही गावांच्या सहभागावर भर दिला आहे. तो भर अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

वाघाच्या भागात तेंदूच्या दिवसांत तोडणाऱ्यांच्या टोळ्यांबरोबर प्राथमिक प्रतिसाद दलाचे, म्हणजे वन खात्याने तयार केलेल्या गावातल्याच पथकाचे, तरुण चालू द्या. ज्याच्या पाठीशी कोणी उभे आहे त्याला झुडपे जाळावीशी वाटत नाहीत. जाळरेषा जानेवारीअखेर पूर्ण करा. उशिरा जाळलेली जाळरेषा स्वतःच वणव्याचे कारण ठरू शकते. आणि जळालेल्या क्षेत्राचे गाववार नकाशे दरवर्षी लोकांसमोर ठेवा. भारतीय वन सर्वेक्षणाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे, आपले वनभवन नागपुरात आहे. हे काम करायला कोणाला मुंबई-दिल्लीला जावे लागणार नाही. कोणती टेकडी सलग पाच वर्षे जळते आहे हे एकदा कागदावर आले की तिथल्या रोपांना चार वर्षे आगीपासून राखण्याचा निर्णय घेता येतो.

शेवटचे मागणे मजुरांसाठी. त्यांना सुती, जाड कापडाचा पोशाख, बूट, शिरस्त्राण, पुरेसे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी द्या. चढावर आगीच्या वरच्या बाजूला उभे राहायचे नाही, मागे हटायची वाट आधी ठरवायची, हे प्रशिक्षण हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांच्याच भाषेत, मराठीत, गोंडीत, कोरकूत द्या. आग हाताबाहेर गेली तर माघार घेण्याचा अधिकार टोळीच्या मुकादमाला लेखी द्या, म्हणजे कोणाला साहेबाच्या भीतीने ज्वाळांत शिरावे लागणार नाही. नागझिऱ्याला गेलेल्या तिघांची आठवण ठेवण्याचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

यंदा विदर्भात आगीवर जाणारे हंगामी मजूर किती, त्यांतल्या कितींचा विमा उतरवला आहे आणि कितींना पोशाख मिळाला आहे, हे तीन आकडे वनपरिक्षेत्रवार १५ फेब्रुवारीपूर्वी वनभवनाने जाहीर करावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक नागपूरकर